जादूच्या बागेलाही माळी लागतो

इंद्राच्या नंदनवनात पानगळ नाही, कीड नाही, पाण्याची पाळी नाही. सदाबहार अशी ही बाग सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथे घडलेली एखादी गोष्ट सांगा म्हटले, तर भलेभले अडखळतील. गोष्ट सुरू होते ती श्रीकृष्ण तिथला पारिजात उपटून द्वारकेला आणतो तेव्हा. घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या कथेत झाड सत्यभामेच्या अंगणात आणि फुलांचा सडा रुक्मिणीच्या, असा पेच पडतो. स्वर्गात त्या झाडाला ना भिंत होती ना शेजार. जमिनीवर उतरताच त्याला दोन्ही मिळाले आणि त्याच्याभोवती माणसे रुसू-फुगू लागली. अद्भुतकथांमधल्या बागांचे मर्म या फरकात आहे. अशी बाग वाचकाच्या मनात रुजते ती तिथल्या चमत्कारांच्या संख्येमुळे नाही. तिथे काहीतरी बिघडू शकते आणि ते बिघडू नये म्हणून कोणीतरी राबत असते, एवढे लेखकाने दाखवले की पुरते.

फिलिपा पीअर्स यांची १९५८ सालची ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’ ही कादंबरी पाहा. भावाला गोवर आल्याने टॉमला नातेवाइकांच्या घरी पाठवले जाते. एका जुन्या मोठ्या घराचे तुकडे पाडून केलेल्या फ्लॅटांपैकी ते एक. दिवसा मागचे दार उघडले तर फरसबंदीची चिंचोळी जागा आणि कचऱ्याचे डबे. रात्री मात्र खालच्या मजल्यावरचे लंबकाचे घड्याळ तेरा ठोके देते आणि तेच दार एका ऐसपैस बागेत उघडते. जादू एवढीच: काळ आपली शिस्त मोडतो. बाकी सारे अगदी रोजचे आहे. कुंपण आहे, भाजीचे वाफे आहेत, एबल नावाचा माळी आहे. हॅटी ही तिथली पोरकी मुलगी कुंपणात वाट पाडते, त्या वाटेने पाळीव राजहंस आत घुसून नासधूस करतात आणि तिला काकूची जळजळीत बोलणी खावी लागतात. या प्रसंगात तसूभरही जादू नाही, पण त्यानंतर ती बाग खरी वाटू लागते. पीअर्स यांचे बालपण केंब्रिजजवळच्या ग्रेट शेलफर्डमध्ये, गिरणीलगतच्या घरात गेले आणि कादंबरीतली बाग तिथल्या बागेवरून घेतलेली आहे. ते घर विकायची वेळ आली तेव्हा त्यांनी ही कथा लिहायला घेतली. हातची जाऊ शकते अशीच बाग इतक्या बारकाव्याने लिहिली जाते.

फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची ‘द सीक्रेट गार्डन’ (१९११) काटेकोरपणे पाहिले तर अद्भुतकथा नव्हे. तिच्यातली मुले जादूचा जप करतात, पण प्रत्यक्षात चमत्कार असा एकही घडत नाही. तरीही जगभरच्या वाचकांनी तिला जादूच्या बागांच्या पंगतीत बसवले आहे, आणि म्हणूनच ती इथे साक्षीला येते. दहा वर्षे कुलूपबंद असलेल्या बागेत छोटी नायिका मेरी आपला मित्र डिकन याला घेऊन जाते. तिथले गुलाब वाळलेले दिसतात. डिकन खिशातला चाकू काढून एक करडी फांदी छेदतो, तर आत ओला हिरवा गर! त्या एका छेदातून वाचकाला जो आनंद मिळतो, तो हवेत उडणाऱ्या गालिच्यातून मिळत नाही. पुढे खुरपणी आहे, छाटणी आहे, बी पेरून वाट पाहणे आहे. सी. एस. लुईस यांच्या ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’मध्ये (१९५५) तर बाग उघडउघड जादूची आहे, पण तिथेही नियम आहे. आजारी आईला बरे करणारे फळ कथानायक डिगरीच्या हातात असते आणि ते चोरून नेण्याचा मोह त्याला टाळावा लागतो. लुईस नऊ वर्षांचे असताना त्यांची आई वारली होती. त्या फळाची किंमत लेखकाला ठाऊक होती.

यावर कोणी म्हणेल, अद्भुताला नियम कशाला? वास्तवाच्या जाचातून सुटण्यासाठीच तर माणूस असल्या कथा वाचतो. तिथेही खुरपे आणि कुंपण आणले तर सुटका कसली? या आक्षेपासाठी सर्वांत सोयीचे उदाहरण ‘अॅलिस’चे, कारण लुईस कॅरल यांच्या त्या जगात (१८६५) तर्कालाच सुट्टी आहे. पण तिथली बाग नीट पाहावी. जेमतेम सव्वा फूट उंचीच्या दारातून दिसलेल्या त्या बागेत शिरायला अॅलिस अर्धे पुस्तक धडपडते. शेवटी आत पोहोचते तेव्हा तिला पहिल्यांदा काय दिसते? तीन माळी घाईघाईने पांढऱ्या गुलाबांना लाल रंग फासत आहेत. चुकून पांढऱ्या फुलांचे झाड लावले गेले, आणि राणीला कळले तर मुंडकी उडतील. सगळे नियम उधळणाऱ्या लेखकानेही बागेत शिरताच आधी माळी गाठला, हे विसरता येत नाही. सुटका हवीच; पण जिथे काहीच पणाला लागलेले नाही, तिथे सुटल्याचे सुखही लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. या उंच भिंतींच्या बागा बहुतेक धनिकांच्या आहेत. माळी राबतो आणि जादू मालकाच्या मुलांना मिळते. हे बऱ्याच अंशी खरे आहे. बर्नेट यांच्या कादंबरीत म्हातारा बेन वेदरस्टाफ दिवंगत मालकिणीला दिलेल्या शब्दाखातर भिंतीवरून चढून त्या बंद बागेत गुपचूप छाटणी करत आलेला असतो. संधिवाताने दोन वर्षे त्याचे जाणे थांबते. गुलाब जगले ते त्याच्यामुळे, पण शेवटच्या प्रकरणात टाळ्या पडतात त्या छोट्या मालकासाठी. हा दोष मान्य करायला हवा. मात्र तो दोष आपल्या लक्षात येतो, कारण लेखिकेने माळी लपवलेला नाही. नंदनवनात असा प्रश्न विचारायलाच जागा नाही, कारण तिथे खुरपे धरणारा हातच कोणी दाखवलेला नाही.

मराठी भाषेने मात्र या बाबतीत पुराणांवर कडी केली आहे. आपण ‘नंदनवन फुलवले’ म्हणतो ते इंद्राविषयी नाही, तर खडकाळ माळावर चर खणून, खांद्यावरून पाणी वाहून झाडे जगवणाऱ्या माणसाविषयी. बोलणाऱ्यांनी देवाच्या फुकटच्या बागेचे नाव घेतले आणि ते घाम गाळणाऱ्याला देऊन टाकले. मराठीत मुलांसाठी अद्भुतकथा लिहिणाऱ्यांनी हा वाक्प्रचार समोर ठेवावा. सोन्याची फळे आणि बोलकी फुले खुशाल असू द्यावीत, पण त्या झाडांना आळे कोण करते, तेही एकदा लिहावे.