शेगावच्या 'टक्कल'चं कारण गव्हात? सेलेनियम म्हणजे काय, आणि केस विरळ होत असतील तर काय करावं?

डिसेंबर 2024 च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग केसांत हात घातला की पुंजकाच हातात. तीन-चार दिवसांत टक्कल. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावं बातम्यांत झळकली आणि सोशल मीडियावर 'टक्कल व्हायरस' असं नावही पडलं.

प्रत्यक्षात व्हायरसचा पुरावा मिळाला नाही. संशयाची सुई वळली ती रेशनच्या गव्हाकडे.

किती लोकांना त्रास झाला?

डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या पाहणीनुसार डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात 18 गावांमधल्या 279 जणांचे केस गळले. त्यात शाळकरी मुलांपासून वृद्धांपर्यंत सगळे होते. महाडमध्ये राहून विंचूदंशावरच्या उपचारांचं संशोधन करणारे, पद्मश्री मिळालेले हेच ते बावस्कर.

अनेकांनी लाजेपोटी मुंडण करून घेतलं. काहींना डोकेदुखी, ताप, उलट्या, जुलाब असाही त्रास होता. म्हणजे बिघाड फक्त डोक्याच्या त्वचेपुरता नव्हता.

आधी संशय कशावर होता?

सुरुवातीला बोअरवेलच्या पाण्यावर. पाण्यात नायट्रेट आणि क्षारांचं प्रमाण जास्त आढळलं होतं. बुरशीचा संसर्ग, शाम्पू यांचीही चर्चा झाली. पण खारपाणपट्ट्यात पाणी वर्षानुवर्षं खारट आहे, मग केस याच हिवाळ्यात का गळले, हा प्रश्न उरत होता. पुढे आयसीएमआरच्या पथकानं नमुने घेतले आणि रुग्णांच्या रक्तात सेलेनियम जास्त असल्याचं समोर आलं.

गव्हात काय सापडलं?

बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली. न धुतलेल्या गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम आढळलं. धुतलेल्या गव्हात 13.61. त्यांनी दिलेली सामान्य मर्यादा आहे किलोमागे 0.1 ते 1.9 मिलिग्रॅम.

यातला धुतलेल्या गव्हाचा आकडा महत्त्वाचा आहे. सेलेनियम नुसतं धुळीसोबत वर बसलेलं असतं तर धुतल्यावर बरंच निघून गेलं असतं. तसं झालं नाही, म्हणजे ते दाण्याच्या आत होतं. जमिनीत सेलेनियम जास्त असेल तर पीक ते मुळांतून शोषून घेतं. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर भागात अशा जमिनी असल्याचं शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आल्याचं बावस्कर यांचं म्हणणं आहे.

एवढ्यानं खरंच केस गळतात?

साधा हिशोब करू. तीन-चार पोळ्यांना साधारण 100 ग्रॅम पीठ लागतं. असा गहू असेल तर त्यातून सुमारे 1,450 मायक्रोग्रॅम सेलेनियम पोटात जातं. प्रौढ माणसाची रोजची गरज जेमतेम 55 मायक्रोग्रॅमची, आणि सुरक्षित मानलेली कमाल मर्यादा 400 ची.

केस आणि नखं केराटिन नावाच्या प्रथिनाची बनतात. त्याला बळकटी मिळते ती गंधकाच्या बंधांमुळे. सेलेनियम रासायनिकदृष्ट्या गंधकासारखंच. ते जास्त झालं की गंधकाची जागा घेतं आणि बंध कमकुवत होतात, असं मानलं जातं. एप्रिल 2025 मध्ये याच भागात लोकांची नखं गळू लागल्याच्या बातम्या आल्या, त्याची संगती इथे लागते. नखं सावकाश वाढतात, त्यामुळे परिणामही उशिरा दिसतो.

यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. सेलेनियम पोटात जाणं थांबवणं हाच मुख्य उपाय. दिलासा एवढाच, की मुळं शाबूत असल्यानं केस परत येतात. शेगावातही अनेकांचे आले.

इतरांचे केस विरळ का होतात?

रोज 50 ते 100 केस गळणं नैसर्गिक आहे. त्यापेक्षा जास्त गळत असतील तर गळण्याची पद्धत पाहावी.

- ताप, डेंग्यू, बाळंतपण किंवा कडक डाएटनंतर दोन-तीन महिन्यांनी सगळीकडून केस गळतात. हे बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप थांबतं.
- पुरुषांत कपाळाच्या कडा आणि टाळू, बायकांत भांग रुंद होत जाणं, हे आनुवंशिक असतं. मिनॉक्सिडिलनं फरक पडतो, पण दिसायला चार-सहा महिने लागतात आणि औषध बंद केलं की फायदाही जातो. फिनास्टराइड डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावं. गरोदर स्त्रियांनी ते घेऊ नये.
- नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा म्हणजे बहुधा चाई. त्यावर त्वचारोगतज्ज्ञच उपचार करू शकतात.
- थकवाही असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं.

मग 'हेअर गमी' खाव्यात का?

अशा अनेक गोळ्यांमध्ये सेलेनियमही असतं. 2008 मध्ये अमेरिकेत एका पूरक आहारात चुकून लेबलवरच्या प्रमाणाच्या सुमारे 200 पट सेलेनियम गेलं. 201 जणांना विषबाधा झाली आणि त्यातल्या अनेकांचे केस गळले. कमतरता नसताना जास्त घेतलं तर फायदा नाही, उलट तोटाच. बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या रक्तचाचण्यांचे निकाल चुकू शकतात, तेव्हा चाचणीआधी डॉक्टरांना सांगावं.

मुख्य प्रश्न कोणता?

सरकारी खरेदीत गव्हाचा ओलावा, कचरा, फुटके-बारीक दाणे पाहिले जातात. सेलेनियम त्या यादीत नाही. पैसेवाला माणूस दुकान बदलू शकतो. रेशन कार्डावर जगणाऱ्या कुटुंबाला मिळेल तो गहू दळून आणावा लागतो. ज्या भागातल्या जमिनीत सेलेनियम जास्त असल्याचं आधीच ठाऊक आहे, निदान तिथल्या धान्याची पोती भरण्याआधी तपासणी करणं अशक्य नाही. शेगावच्या लोकांचे केस परत आले, म्हणून ही तपासणी टाळता येणार नाही.