फवारणीच्या शिफारशीत दाटपणालाही स्थान हवे

कीटकनाशकाची शिफारस करताना औषध, मात्रा आणि वेळ सांगितली जाते. द्रवाच्या दाटपणाविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. एससी प्रकारच्या कीटकनाशकांच्या बाबतीत ही उणीव थेट मात्रेवर परिणाम करते.

या प्रकारात कीटकनाशक पाण्यात विरघळलेले नसते. त्याचे सूक्ष्म कण तरंगत ठेवलेले असतात. ते तळाशी बसू नयेत म्हणून बहुधा झँथन गम ही बहुशर्करा अत्यल्प प्रमाणात मिसळतात. कोबीवर घाण्या रोग निर्माण करणाऱ्या झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस या जिवाणूपासूनच ती मिळते. तिचे लांब, ताठर रेणू स्थिर द्रवात सैल जाळे विणून कणांना पेलतात. बाटली हलवताच रेणू प्रवाहाच्या दिशेने वळतात, जाळे सुटते आणि द्रव पातळ होतो. हालचाल थांबली की दाटपणा परततो.

दीर्घ साठवणीत मात्र काही कण तरीही खाली सरकतात. न हलवलेल्या बाटलीतून वरचा द्रव ओतला, तर माप बरोबर आणि मात्रा अपुरी ठरते. दाट द्रव मापाच्या आतील बाजूसही चिकटतो. ३ मिलि मोजायचे असताना ही घट किरकोळ नसते. तोच द्रव पंपात थेट ओतल्यास तळाशी गोळ्यासारखा राहू शकतो.

दुसरा गैरसमज टाकीविषयी आहे. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी १० लिटर पाण्यात ३ मिलि मिसळल्यावर ३,००० पटींहून अधिक विरल होते. इतक्या विरलतेत रेणू सुटे पडतात आणि जाळे उरत नाही. म्हणून तयार द्रावण रात्रभर ठेवणे अयोग्य.

यावर उपाय म्हणून टाकीत गवार गम टाकणेही बरोबर नव्हे. कोरडी भुकटी पाण्यात गुठळ्या धरते व नोझल तुंबवते. दाट द्रावणाचे थेंब मोठे होतात. ते वाऱ्याने कमी उडतात, परंतु पानाखालच्या पांढऱ्या माशीपर्यंत कमी पोहोचतात.

अपुऱ्या मात्रेतून वाचलेली कीड प्रतिकारक्षमतेचा पाया घालते आणि दोष औषधाला दिला जातो. म्हणूनच प्रत्येक शिफारशीत मात्रेसोबत चार सूचना असाव्यात: बाटली नीट हलवावी, बादलीत आधी थोड्या पाण्यात मिश्रण करावे, माप विसळून ते पाणी त्यातच घालावे आणि द्रावण ढवळत त्याच दिवशी संपवावे. विस्तार कार्यकर्त्यांनी हे प्रात्यक्षिकातून दाखवल्यास औषध न बदलताही अनेक फवारण्या सुधारतील.