घट्ट म्हणजे पक्के नव्हे



पावसाळा सरला की आपल्याकडे लांबच्या प्रवासाचे दिवस येतात. दसऱ्याला नागपूर, डिसेंबरात दादर, पुढे लग्नसराई. एसटी आहे, रेल्वे आहे, पण म्हातारी माणसे आणि लेकरे बरोबर असली की घरचा जुना टेम्पोच बरा वाटतो. मागे गाद्या टाकायच्या, पाण्याचा ड्रम, शिधा, भांडी आणि स्टोव्ह ठेवायचा, वर ताडपत्री ओढायची. परदेशात लोक मोटारीतच घर थाटून फिरतात म्हणे. आपले हे चालते घर त्याहून स्वस्त आणि भरपूर माणसांचे! आज या घराच्या पायाविषयी, म्हणजे चाकातल्या बेअरिंगविषयी लिहायचे आहे. भगिनींनो, हे पुरुषांचे काम म्हणून पान उलटू नका. का ते पुढे कळेल.

गोष्ट २०१३ सालची. सुप्याला आमच्या मेहुण्यांचा जुना टेम्पो आहे. पावसाळाभर तो अंगणात उभाच होता. नागपूर इथून सहाशे किलोमीटरच्या आसपास. म्हणून निघण्याआधी दोन दिवस त्यांनी पुढची दोन्ही चाके उघडून ग्रीस भरून घेतले. काम करणाऱ्याने "आता बघायला नको, एकदम टाइट केलंय" असे सांगितले. आम्ही अकरा जण पहाटे निघालो. कामरगाव, चास, नगर मागे टाकले आणि घोडेगाव जवळ आले तेव्हा पुढे बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "काहीतरी करपतंय गं." आम्ही हसलो. स्टोव्ह बंद होता, भाकरी बांधलेल्या होत्या. पण आत्याबाईंनी हट्टच धरला आणि गाडी कडेला घ्यायला लावली. डावे चाक पाहिले तर मधला भाग हात जवळ नेववेना इतका तापला होता. चाक उघडले तेव्हा बेअरिंगचे रूळ निळे पडलेले, ग्रीस पातळ होऊन वाहून गेलेले. आणखी वीस-पंचवीस किलोमीटर गेलो असतो तर काय झाले असते, हे मी आजही मनात पुरते येऊ देत नाही. मागे तीन लेकरे झोपलेली होती.

दोष ग्रीसचा नव्हता, गाडी जुनी असण्याचाही नव्हता. नट गरजेपेक्षा जास्त आवळला होता, एवढेच.

असे का होते ते समजून घेऊ. आपल्या आजोबांच्या बैलगाडीत लाकडी चाकाचा तुंबा आसावर घासत फिरायचा. म्हणून एरंडेल आणि काजळीचे वंगण सतत घालावे लागे. चाक निघू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ असे. मोटारीत घासण्याऐवजी घरंगळण्याची सोय केली. जुन्या टेम्पो-ट्रकच्या पुढच्या चाकात बहुधा दोन बेअरिंग असतात, आत मोठे आणि बाहेर लहान. त्यांचे रूळ सरळ नसून एका टोकाला निमुळते असतात. अशा बेअरिंगचे पेटंट १८९८ साली अमेरिकेत हेन्री टिमकेन यांनी मिळवले. ते घोडागाड्या बनवणारे कारखानदार. गाडी वळली की चाकावर वरून वजन आणि बाजूने रेटा, असे दोन्ही एकदम येतात. निमुळता रूळ हे दोन्ही पेलतो.

पण निमुळत्या रुळाचा एक स्वभाव आहे. नट आवळाल तसे रूळ वाटीत अधिक रुततात. पाचर ठोकल्यासारखेच ते. फार आवळले की फिरायला जागा राहत नाही, घर्षण वाढते, उष्णता वाढते आणि लोखंड फुगून जागा आणखी कमी होते. सैल ठेवले तर चाक डुगडुगते आणि रूळ आपटून आपटून वाटीला खड्डे पडतात. म्हणून थोडा खेळ ठेवावाच लागतो. किती? मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. कागदाच्या जाडीएवढे अंतर, पण त्यावर अकरा माणसांचा जीव.

आता कामाची रीत. गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या. दुसऱ्या चाकांना पुढे-मागे दगड लावा. चाकाचे नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करा, मग जॅक लावा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. खाली लोखंडी घोडी किंवा जाड लाकडी ठोकळे द्या.

चाक उतरवण्याआधी ते वर आणि खाली धरून हलवून पाहा. डुगडुगले तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. डुगडुग थांबली तर दोष बेअरिंगचा. तरीही राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट तपासायला हवा.

मग टोपण, स्प्लिट पिन, नट आणि वॉशर काढून बाहेरचे बेअरिंग हातात घ्या. ड्रम ओढून काढला की मागचे ऑइल सील आणि आतले बेअरिंग मिळते. डाव्या-उजव्याची सरमिसळ करू नका. जुन्या ब्रेकच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती तोंडाने किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

बेअरिंग डिझेलमध्ये किंवा मिळाले तर रॉकेलमध्ये धुवा. जुने ग्रीस पूर्ण गेले पाहिजे, कारण निरनिराळ्या जातीची ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊ शकतात. धुतलेले बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवू नका, रूळ उडून डोळ्याला इजा होते. स्वच्छ फडक्यावर पूर्ण सुकू द्या आणि उजेडात धरून पाहा. निळी झाक दिसली तर ते तापलेले आहे. टवका उडालेला, गंजाचा डाग बसलेला किंवा जाळी वाकलेली असली तर ते बाद. बेअरिंग बदलायचे तर वाटीसह बदला. नवा कोन जुन्या वाटीत बसवणे म्हणजे पैसे वाचवून गाडी घालवणे.

ग्रीस चाकाच्या बेअरिंगचेच घ्या. बाजारात एपी-३ नावाने मिळणारे लिथियम ग्रीस जुन्या ड्रम-ब्रेकच्या गाड्यांना बहुधा चालते. डिस्क ब्रेक असेल तर जास्त उष्णता सोसणारे घ्या. चासीला लावायचे साधे कॅल्शियम ग्रीस शंभर अंशांच्या आसपासच वितळते, लिथियमचे साधारण एकशे ऐंशीच्या पुढे. घाटात ब्रेक तापले की हा फरक कळतो.

ग्रीस तळहातावर घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा, रुळांमधून ते दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. नुसते वरून चोपडलेले ग्रीस आत जात नाही. हबमधली पोकळी मात्र गच्च भरू नका. जादा ग्रीस तापून सीलबाहेर येते, ब्रेकच्या लायनरवर जाते आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही. सील प्रत्येक वेळी नवे घाला.

शेवटी नट. चाक हाताने फिरवत फिरवत पान्ह्याने आवळा, म्हणजे रूळ जागेवर बसतील. मग नट पूर्ण सैल करा. पुन्हा पान्ह्याशिवाय, नुसत्या बोटांनी लागेल तेवढाच लावा. पिनचे भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळू नका, मागे घेऊन जुळवा. काही गाड्यांच्या पुस्तकात निराळे माप दिलेले असते, तिथे पुस्तक ऐका. स्प्लिट पिन नवीच घाला. बैलगाडीची खीळ ती हीच!

हे काम वर्षातून एकदा किंवा वीस-तीस हजार किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा करावे. गाडी फिरलीच नाही म्हणून सोडून देऊ नये. उभ्या गाडीत दमट हवा शिरते, ग्रीस एका जागी बसते आणि रुळाला गंज धरतो. पुराच्या पाण्यातून चाक बुडून गेले असेल तर लगेच उघडावे. नव्या गाड्यांत मात्र बंद बेअरिंग येतात. त्यात ग्रीस भरता येत नाही, आवाज आला की बदलावेच लागते.

निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरला थांबा. हाताची उलटी बाजू हळूच चाकाच्या मध्याजवळ न्या आणि डाव्या-उजव्याची तुलना करा. दोन्ही सारखी कोमट असतील तर चहा घ्या. एकच जास्त तापले असेल तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक, काहीतरी बिघडले आहे. तसेच पुढे जाऊ नका. वळताना घरघर कमी-जास्त होत असेल तर तीही हाकच समजा.

आम्ही त्या दिवशी नगरहून नवे बेअरिंग आणून बसवले आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला पोहोचलो. त्यानंतर मेहुण्यांच्या मुलीने आयटीआयत मोटार मेकॅनिकचा कोर्स केला. आता चाकाचा नट ती लावते. तिचे वडील शेजारी उभे राहून "अजून थोडा आवळ ना" म्हणतात आणि ती म्हणते, "बाबा, घट्ट म्हणजे पक्के नव्हे."

आणि आत्याबाई? त्या अजूनही पुढेच बसतात. गाडी थांबवायला सांगितली तर आता कोणी हसत नाही. तुमच्या गाडीतही एखाद्या आत्याबाई असतील. त्यांना खिडकीशी बसवा, आणि त्या म्हणतील तेव्हा थांबा.