थोडे घेणाऱ्यास महाग

किराणा स्वस्त कसा मिळवावा याविषयी अलीकडे जो उपदेश चहूकडे ऐकू येतो, तो बहुधा ज्याच्या हाती महिन्याच्या पहिल्या तारखेस रोख रक्कम पडते, ज्याच्या घरी माल साठविण्यास कोरडी जागा असते आणि ज्याला मोबाईलवर दोन-तीन दुकानांचे भाव ताडून पाहण्याची सवड असते, अशा गृहस्थास उद्देशून केलेला असतो. त्या उपदेशात खोटे काही नाही. परंतु आपल्या भंडारा जिल्ह्यात, जेथे रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत हातात चार पैसे खेळतात व एरवी आठवड्याच्या मजुरीवर किंवा हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मोबदल्यावर असंख्य संसार चालतात, तेथे या काटकसरीची ज्यांना सर्वाधिक निकड आहे त्यांनाच ती करता येत नाही, ही गोष्ट मला अत्यंत गंभीर वाटते. आणि तिच्यावरचा उपाय एकेकट्या कुटुंबाच्या हातचा नाही, तो चार घरांनी मिळूनच करावा लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमसर, साकोली किंवा लाखांदूर यांपैकी कोणत्याही गावी दिवेलागणीच्या सुमारास किराणा दुकानापाशी घटकाभर उभे राहावे. कामावरून परतलेली बाई मालाचे वजन सांगत नाही, रक्कम सांगते: दहाची चायपत्ती, वीसची साखर, तूरडाळ पाव, तेलाची लहान पिशवी आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा. या प्रत्येक जिनसेचा किलोमागे दर काढून पाहिला, तर महिन्याचा माल एकदम भरणारा शिक्षक किंवा कारकून जो भाव देतो, त्याहून ही बाई पुष्कळदा अधिक भाव देत असते. कारखानदारांनीही हे चांगले ओळखले आहे. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांवरची किंमत वर्षानुवर्षे तीच राहते, आतला माल तेवढा ग्रॅमाग्रॅमाने कमी होत जातो, आणि ज्याचे लक्ष नाण्यावर आहे त्याला वजनातील ही घट जाणवतही नाही. या नियमाला अपवाद आहेत, हेही नमूद केले पाहिजे. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी कित्येकदा मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते. म्हणून मोठे ते स्वस्त असे डोळे मिटून मानणेही बरोबर नाही. दर पाहावा लागतो.

तो दर पाहण्याची सोय कायद्याने आता करून दिलेली आहे. वैधमापनाच्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांत २०२१ साली जी दुरुस्ती झाली, तिने ठरावीक वजनांतच पुडे बांधण्याचे जुने बंधन काढून टाकले आणि त्याच्या बदल्यात दर ग्रॅम, किलो, मिलिलिटर वा लिटरमागे पडणारी किंमत वेष्टनावर छापण्याची सक्ती केली. बंधन निघाल्याचा परिणाम तेलाच्या पिशवीवर सहज दिसतो. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. पण फळीवर लिटरच्या पिशवीशेजारीच, तशाच आकाराची व रंगाची ८५० किंवा ८०० ग्रॅमची पिशवी मांडलेली असते. समजा, पहिली १५५ रुपयांना आणि ८५० ग्रॅमची दुसरी १४८ रुपयांना आहे. हात दुसरीकडे जातो, कारण सात रुपये वाचल्यासारखे वाटतात. वस्तुतः पहिलीचा भाव किलोस १७० रुपये आणि दुसरीचा १७४ रुपये पडतो. असा दर, किलोहून कमी वजनाच्या पिशवीवर ग्रॅममागे, बारीक अक्षरांत का होईना छापलेला असतो. शाळेत त्रैराशिक शिकलेल्या मुलामुलींना आईबरोबर दुकानात पाठवून तो वाचावयास लावावा, असे मला मनापासून वाटते.

ऑनलाइन खरेदीचाही विचार याच दराच्या कसोटीवर झाला पाहिजे. छापील किमतीवर काट मारून दाखविलेली सवलत, ठरावीक रकमेच्या वर माल घेतल्यास पोहोचविण्याचा खर्च माफ, आणि ती रक्कम गाठण्यासाठी नको असलेल्या दोन जिनसा यादीत पडणे, हा क्रम आता सर्वांच्या परिचयाचा आहे. ग्राहकाला न विचारता यादीत वस्तू घुसविणे, शेवटच्या पायरीवर नवे आकार उघड करणे, खोटी घाई लावणे अशा तेरा क्लृप्त्यांना केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांन्वये मनाई केली आहे, आणि १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविण्याची तजवीजही आहे. साबण, धुण्याची पावडर यांसारखा, कोठेही घेतला तरी एकाच गुणाचा, बंद आणि टिकाऊ माल ऑनलाइन किंवा मोठ्या दुकानात स्वस्त मिळत असेल, तर तो खुशाल घ्यावा. निदान तेथील भाव पाहून तरी गल्लीतील दुकानदाराशी बोलावे. तो पुष्कळदा थोडेफार कमी करतो. धान्याची गोष्ट मात्र निराळी आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यातील या जिल्ह्याची ओळखच धानाची. चिन्नोरासारखा सुवासिक तांदूळ येथे पिकतो आणि गावोगावी राईस मिली आहेत. अशा मुलखातील माणसाने पाच किलोची चकचकीत पिशवी परप्रांतीय छापाची म्हणून घ्यावी, यात स्वदेशाभिमानाचा प्रश्न दूर ठेवला तरी हिशेबाचा प्रश्न उरतोच. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या आवेष्टित व लेबल लावलेल्या धान्यावर पाच टक्के वस्तू व सेवा कर बसला. सुट्या धान्यावर तो नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी सर्वसाधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरली. सरकारी भरडाईत शंभर किलो धानापासून ६७ किलो तांदूळ धरला जातो. त्या हिशेबाने भरडाई आणि वाहतूक सोडून तांदूळ किलोला पस्तीस-छत्तीस रुपये पडतो. एचएमटी, जय श्रीराम यांसारख्या बारीक वाणांचा भाव चढा राहणार, हे उघड आहे. तरीही दुकानातील पिशवीवरच्या आकड्याशी हा आकडा ताडून पाहावा, म्हणजे मधल्या अंतराचा अंदाज येतो. कापणी-मळणी आटोपून मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचे, दिवस सरले की शेतकऱ्याकडून धान घेऊन ओळखीच्या मिलीत भरडावे, नवा तांदूळ चिकट होतो म्हणून काही महिने मुरू द्यावा, आणि बांधीच्या धुऱ्यावरची तूर उन्हाळ्यापूर्वी घरी आणून डाळ करून ठेवावी, ही वर्षाची बेगमी आपल्या आज्या करीतच होत्या. तिच्यात किफायत होती.

पण बेगमीला एकरकमी पैसा लागतो, आणि आपण पुन्हा मूळ प्रश्नापाशी येतो. मजुराला एक क्विंटल तांदूळ हंगामात स्वस्त मिळतो हे ठाऊक असते. त्याच्यापाशी त्या दिवशी तेवढी रक्कम नसते. हात रिकामा असताना त्याला जगविते ते किराणा दुकानदाराचे उधारीचे खाते, आणि म्हणून दुकानदाराला या गोष्टीतील खलपुरुष ठरविणे मला अन्यायाचे वाटते. ऑनलाइन दुकान कोणाही शेतमजुराला दिवाळीपर्यंत थांबतो असे म्हणणार नाही. मात्र ज्याच्याकडे बाकी थकलेली आहे त्याच्याशी भाव करता येत नाही, हा माल नको तो दाखवा असे म्हणता येत नाही, आणि दुसऱ्या दुकानी उघडपणे जाताही येत नाही. व्याज वहीत लिहिलेले नसले तरी ते कोठेतरी भरले जातेच. शिधापत्रिकेवर मिळणारे धान्य, म्हणजे प्राधान्य कुटुंबात माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो, जे १ जानेवारी २०२३ पासून विनामूल्य झाले आहे, त्याने भाताचा भार पुष्कळ हलका केला. परंतु डाळ, तेल, तिखट आणि साखर यांचा भार तसाच आहे.

या अडचणीवर आपल्याच महाराष्ट्रात पूर्वी मार्ग काढलेला आहे. मुंबईच्या नायगावात कामगारांनी १९४८ साली सहकारी तत्त्वावर अपना बाजार उभा केला. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. बिंदुमाधव जोशी आणि सुधीर फडके यांच्यासारखी माणसे त्या चळवळीत होती. तिची पद्धत साधी: शेजारच्या काही कुटुंबांचा एक संघ, प्रत्येक घराची महिन्याची मागणी आगाऊ लिहून घ्यावयाची, सर्वांचा माल ठोक भावाने एकत्र खरेदी करावयाचा आणि ठरल्या दिवशी तो आला की सभासदांनी, विशेषतः स्त्रियांनी, आपल्या हातांनी वाटून घ्यावयाचा. दुकान नाही, झगमगाट नाही, उधारी नाही. १८४४ साली इंग्लंडातील रॉचडेल येथे विणकरांनी आपले दुकान काढले, तेव्हा त्यांच्याही मनात पीठ आणि लोणी वाजवी भावात मिळावे ही गोष्ट होती.

भंडारा जिल्ह्यात महिला आर्थिक विकास महामंडळाचे आणि उमेद अभियानाचे बचत गट गावोगावी आहेत. त्यांत पैसा जमतो, अंतर्गत कर्ज दिले जाते, वही लिहिली जाते. हा पैसा आजारपण, लग्न, शाळा, शेळी यांसाठी निघतो, तसाच तो मार्गशीर्षात तांदळाच्या बेगमीसाठी का निघू नये? दहा-बारा घरांची मागणी एकत्र केली की मिलीशी बोलणी ठोकाची होतात, आणि प्रत्येकीच्या नावे पडलेली रक्कम ती वर्षभर हप्त्यांनी फेडू शकते; म्हणजे उधारीची सोय तीच, पण भाव हंगामाचा. अडचणी खऱ्या आहेत. माल मोजताना कोणी उभे राहावे, पोत्यात किडे झाल्यास नुकसान कोणी सोसावे, हप्ता थकला तर काय, यांवरून गट फुटण्याची भीती बायका बोलून दाखवितात, आणि ती भीती अकारण नाही. म्हणून तोलकाटा दरसाल तपासून शिक्का मारलेलाच असावा, मोजणीला प्रत्येक वेळी दोन वेगळ्या सभासद असाव्यात, आणि धान्य एका घरात न ठेवता त्याच दिवशी वाटून टाकावे. पहिल्या वर्षी तांदूळ आणि तूरडाळ एवढ्या दोनच जिनसा घ्याव्यात. तेल-साखरेचा विचार त्या वर्षाचा जमाखर्च सर्व बायांपुढे मोठ्याने वाचून झाल्यावर करावा.