जगात जर्मनी, भारतात परभणी

ही म्हण ऐकून ऐकून परभणीकरांचे कान किटलेत. पण आज विषयच असा आहे की सुरुवात जर्मनीपासूनच करावी लागेल.

'होमोसेक्शुअल' हा शब्द पहिल्यांदा छापला गेला १८६९ साली, जर्मन भाषेत. कार्ल मारिया केर्टबेनी नावाच्या लेखकाने तो घडवला, आणि तोही अशा संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या प्रशियाच्या कायद्याविरुद्ध लिहिताना. म्हणजे माणसं आधीपासून होतीच, शब्द नंतर आला.

आता मुद्दा. "पण त्यांना कळतं कसं हो?" असं भलेभले विचारतात. मंडळी, तुम्हाला कसं कळलं होतं? नववी-दहावीत पुढच्या बाकावर कोणीतरी आवडायला लागलं, छातीत धडधडलं, झालं! कुणी ब्लड टेस्ट केली होती का? समलिंगी मुलामुलींचंही साधारण त्याच वयात तसंच सुरू होतं. फरक एवढाच, की तुमच्या धडधडीचं नाव तयार होतं. सिनेमे, गाणी, मित्रांची चिडवाचिडवी, सगळं तुमच्या मदतीला.

जिंतूर किंवा गंगाखेडच्या एखाद्या मुलाला काय मिळतं? शिव्या. मग तो सरळ हिशोब करतो: ते शब्द घाणेरडे, मी तर चांगला मुलगा, म्हणजे मी 'तो' नाही. या एका हिशोबात दहा-पंधरा वर्षं जातात. मुलीचं तर त्याहून अवघड. तिच्या वाट्याला धड शिवीसुद्धा नाही, फक्त "लग्न झालं की सगळं ठीक होतं".

मराठीत हे कोणी सांगितलंच नाही असंही नाही. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आलं. त्यातल्या सुमित्राला पुरुषाशी आपलं जमणार नाही हे कळतं, पण त्या कळण्याचं करायचं काय हे सांगणारं कोणी नसतं. पुढे २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला. हे गृहस्थ आपल्यासारखेच सॉफ्टवेअरवाले, अमेरिकेत नोकरी करून परत आलेले. त्यांनी 'पार्टनर' ही कादंबरी मराठीत लिहिली. ज्यांना इंग्रजी जमत नाही त्यांनाही स्वतःबद्दल वाचता यायला हवं की नको?

"हे सगळं इंटरनेटचं फॅड, खेड्यात असलं काही नसतं" म्हणणाऱ्यांसाठी: इंटरनेट शब्द देतं, ओढ देत नाही. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी सिनेमाला २०२५ साली सनडान्समध्ये मोठं बक्षीस मिळालं. त्यातलं प्रेम फुलतं ते गावातच.

"डॉक्टरला दाखवा" हा पुढचा सल्ला. कशासाठी? जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. 'बरं करून देतो' म्हणणारे उपचार म्हणजे गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ ला नाकारला. म्हणजे गुन्हा नाही, आजार नाही, आणि तरी घरी सांगायची सोय नाही!

आणि हा केवळ 'त्यांचा' प्रश्न नाही. उशिरा कळलेल्या, किंवा कळूनही दाबलेल्या सत्यावर जेव्हा मांडव पडतो, तेव्हा त्यात दुसरंही एक माणूस फसतं. कुणाची तरी ताई, कुणाचा तरी दादा. रात्र रात्र जागून "माझ्यातच काय कमी आहे?" असं स्वतःला विचारत बसतं. पत्रिका जुळवणाऱ्या आईबाबांनी मुलाला एकदा तरी धीटपणे विचारलं असतं तर?

दिवाळीला गावी जाल. फराळ करताना कोणीतरी मामा किंवा भावजी 'तसल्या' लोकांवर विनोद करतील. तेव्हा मोबाईलमध्ये डोकं घालू नका. 'समलिंगी' हा शब्द साध्या आवाजात, 'डावखुरा' म्हणतो तसा म्हणा, आणि "त्यात हसण्यासारखं काय आहे मामा?" एवढं विचारा. दाराआड उभं असलेलं एखादं पंधरा वर्षांचं पोर ऐकत असेल. त्याची दहा वर्षं वाचतील.

बाकी ते 'पुरोगामी महाराष्ट्र' वगैरे आपण नंतर बोलू.