भाकरीच्या ताटात काय कमी आहे?

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव राज्याला माहीत झाले ते उपोषणामुळे. २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील तेथे मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले आणि त्यानंतर गावाचे नाव बातम्यांत सतत येत राहिले. त्या मागणीविषयी मते वेगवेगळी आहेत. जून २०२४ मध्ये जवळच्याच वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठीही उपोषण झाले. आरोग्याच्या या स्तंभात तो वाद नको. येथे विषय आहे तो उपोषणाभोवती जमलेल्या हजारो माणसांच्या जेवणाचा, आणि ते जेवण रांधणाऱ्या-वाढणाऱ्या हातांचा.

२७ ऑगस्ट २०२५ रोजी अंतरवालीहून निघालेले आंदोलक २९ तारखेला मुंबईत आझाद मैदानावर पोहोचले. परिसरात खाण्यापिण्याची सोय होत नसल्याच्या तक्रारी आल्या आणि गावोगावहून भाकरीच्या गाड्या मुंबईकडे निघाल्या. घराघरांतून भाकरी गोळा झाल्या. सोबत मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, लोणचे आणि पाण्याच्या बाटल्या. मुंबईत स्वयंसेवकांनी ते वाटले. या शिदोरीत दूध, दही, तूप, अंडी, मांस यांपैकी काहीच नव्हते म्हटले तरी चालेल. महानगरातल्या एखाद्या उपाहारगृहात हेच ताट ‘व्हिगन’ म्हणून मांडले असते तर त्याची किंमत वेगळी झाली असती.

‘व्हिगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. प्राण्यांपासून मिळणारा कोणताही पदार्थ, अगदी दूध आणि मधही, वर्ज्य करणारा आहार असा त्याचा अर्थ. भारतातही अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हिगन पदार्थांसाठी नियम केले आणि त्यांच्या वेष्टनासाठी स्वतंत्र चिन्ह ठरवले. ज्वारी-बाजरीच्या भाकरीला या चिन्हाची गरज पडत नाही. पीठ, आधणाचे पाणी, हाताचा जोर आणि तवा एवढ्यावर ती होते. पिठल्याला बेसन, पाणी, लसूण, मिरची आणि चमचाभर तेल लागते.

याचा अर्थ मराठवाड्याचा शेतकरी व्हिगन आहे असा मात्र नव्हे. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याच्या घरी दूध-ताक असते, अनेक घरांत अंडी-मटणही होते. पण रोजच्या दोन वेळच्या ताटाकडे पाहिले, तर कित्येक घरांत प्राणिजन्य भाग चहातल्या दुधापुरताच उरतो. कारण तत्त्वाचे नसते, परवडण्याचे असते. दुष्काळात जनावर विकले की ताकही गेले. शहरातला माणूस विचारपूर्वक दूध सोडतो तेव्हा तो बहुधा पर्याय शोधतो, रक्त तपासून घेतो. गावातल्या माणसाचे दूध नकळत सुटते आणि तपासणीचा विचार कुणाच्या मनात येत नाही. शरीराला मात्र दोन्हीकडची उणीव सारखीच भोवते. म्हणूनच या ताटाचे कौतुक करताना त्याचा हिशेबही मांडायला हवा.

आधी जमेची बाजू. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, तर बाजरीत ११ ग्रॅम प्रथिने असतात. बाजरीत लोह ६ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. दोन्हींत तंतुमय भाग दहा टक्क्यांच्या घरात असल्याने पोट लवकर भरते. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, त्यामागे अशीच कारणे होती.

मध्यम आकाराच्या दोन भाकरींना सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पीठ लागते. त्यातून १२-१३ ग्रॅम प्रथिने मिळतात. सोबत नुसता ठेचा असेल तर हिशेब तिथेच थांबतो. वाटीभर घट्ट पिठले आणि मूठभर शेंगदाण्याची चटणी घेतली, की तो २५ ग्रॅमच्या आसपास जातो. ६० किलो वजनाच्या प्रौढाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे एका जेवणात निम्मी गरज भागली. शिवाय तृणधान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीतून मिळते. धान्य आणि डाळ एका ताटात येण्याला असा शास्त्रीय आधार आहे.

भाकरी एकटी पुरत नाही, याचा धडा दख्खनच्या पठाराने पूर्वी घेतला आहे. प्रामुख्याने ज्वारीवर जगणाऱ्या गरीब शेतमजुरांमध्ये पेलाग्रा हा आजार आढळत असे. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब आणि पुढे मनावर परिणाम अशी त्याची लक्षणे. तो नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होतो. हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाशी जोडून दाखवला. ज्वारी वाईट, असा त्याचा अर्थ होत नाही. ताटात एकच धान्य आणि दुसरे काहीच नाही, ही स्थिती वाईट. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असते हे येथे लक्षात ठेवण्याजोगे.

लोहाचेही तसेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. बाजरी खाऊनही रक्त कमी कसे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. धान्यातले फायटेट लोहाला धरून ठेवते आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा त्याचे शोषण आणखी घटवतो. उलट, त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेले तर शोषण वाढते. लिंबाची फोड, कच्चा कांदा-टोमॅटो, मोड आलेली मटकी, हंगामात पेरू हे स्वस्त उपाय आहेत. मोसंबीसाठी भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या जालना जिल्ह्यात तर जेवणानंतर चहाऐवजी मोसंबीच्या दोन फोडी हा सल्ला अवघड वाटू नये.

आता मुख्य उणीव. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारात भरवशाच्या प्रमाणात मिळत नाही. भाकरीत नाही, डाळीत नाही, पालेभाजीत नाही. ‘इडलीच्या आंबवलेल्या पिठात असते’, ‘शेवाळ्याच्या गोळ्यांत असते’ या समजुतींवर विसंबू नये. गरज अगदी थोडी, दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. यकृतात काही वर्षे पुरेल इतका साठा असतो, त्यामुळे दूध-अंडी सोडल्यावर पहिली दोन-तीन वर्षे काहीच जाणवत नाही आणि ‘मला तर काही झाले नाही’ असा आत्मविश्वास येतो. मग तळपायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, जीभ लाल होऊन झोंबणे, थकवा, विसराळूपणा सुरू होतो. याला वय झाल्याचे किंवा साखरेचे नाव दिले जाते. उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी पूर्ण भरून येत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईत ही उणीव असेल तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. नुसत्या फॉलिक आम्लाच्या गोळ्यांनी रक्ताचे चित्र सुधारते, पण नसांचे नुकसान आत चालूच राहते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर अधिक सावध राहावे.

उपाय सोपा आहे. जो पूर्ण व्हिगन आहे त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-१२ ची गोळी नियमित घ्यावी. यात तत्त्वाला बाधा येत नाही, कारण हे जीवनसत्त्व जिवाणूंच्या मदतीने तयार केले जाते. मात्र कॅप्सूलचे आवरण प्राणिजन्य जिलेटिनचे असू शकते, तेवढे पाहून घ्यावे. जो व्हिगन नाही, केवळ परवडत नाही म्हणून दूध-अंड्यापासून दूर आहे, त्याच्यासाठी दही, ताक, अंडे जमेल तेव्हा ताटात यावे. दोघांपैकी कुणालाही लाजवण्याची गरज नाही.

बाहेर जेवताना मात्र हे गावरान ताट हरवते. महामार्गावरच्या ‘शुद्ध शाकाहारी’ ढाब्यावर पनीर, लोणी, साय, मैद्याची रोटी आणि तेलाचा तवंग असलेली शेवभाजी हाच थाट. दूध न घेणाऱ्याने तिथे विचारून घ्यावे लागते: नानच्या पिठात दूध-दही आहे का, रोटीला लोणी लावता का, फोडणी तुपाची की तेलाची, भाजीच्या रश्श्यात साय आहे का. पिठले-भाकरी, वांग्याचे भरीत, डाळ, मटकीची उसळ, कांदा-लिंबू एवढे मिळाले तर त्याचे जेवण उत्तम होते. खरे तर मधुमेही, स्थूल आणि रोज प्रवास करणाऱ्या चालकांनाही हेच ताट हवे. ढाबेवाल्यांनी पिठले-भाकरी ‘स्पेशल’ म्हणून रविवारपुरती न ठेवता रोजच्या पाटीवर लिहावी. ठेचा, पापड, लोणचे यांतले मीठ मात्र मोजावे. दिवसभरात पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, ही मर्यादा आहे. ठेचा, लोणचे आणि खारवलेले दाणे एकाच जेवणात आले तर ती लवकर गाठली जाते.

राहिला प्रश्न वाढणाऱ्या हातांचा. आंदोलन असो, हरिनाम सप्ताह असो की वारीतले अन्नदान, महाराष्ट्रात हजारोंची पंगत स्वयंसेवकांच्या बळावर उठते. भावना निर्मळ असते, हात तसे असतीलच असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सप्ताहातील भगर-आमटीच्या प्रसादानंतर शेकडो भाविकांना विषबाधा झाली. रुग्णांना उघड्यावर झोपवून, दोरीला सलाइनच्या बाटल्या टांगून उपचार करावे लागले. तो प्रसादही वनस्पतिजन्यच होता. मांस-दूध नाही म्हणजे धोका नाही, हा समज त्यामुळे सोडून द्यावा.

मुंबईला भाकरी आणि कोरडी चटणी पोहोचली आणि टिकली, कारण त्यात पाणी कमी. पिठले, भात, पातळ भाजी दूर पाठवणे धोक्याचे. शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले की जिवाणू झपाट्याने वाढतात. ते वाफाळते ठेवावे, नाहीतर दोन तासांत वाढून संपवावे. भातातले आणि हाताच्या जखमेतून येणारे काही जिवाणू असे विष तयार करतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. भाकरी गरम असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली तर तिला घाम सुटतो आणि बुरशी धरते. ती निववून स्वच्छ सुती फडक्यात बांधावी. वर्तमानपत्रात अन्न गुंडाळू नये, छपाईची शाई पोटात जाते. काळवंडलेले, खवट शेंगदाणे चटणीत घालू नयेत, त्यांतल्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते. जुलाब, उलटी किंवा बोटाला पू असलेल्या स्वयंसेवकाने त्या दिवशी वाढपात न राहता चपला-गाड्या सांभाळाव्यात. तीही सेवाच. वाढण्याआधी साबणाने हात, झाकलेले पाणी आणि मंडपात क्षारसंजीवनीची पाकिटे एवढी तयारी कुठल्याही गावाला जमते.

यावर ‘आमचे वाडवडील हेच खाऊन ठणठणीत होते’ असे उत्तर येते. जे ठणठणीत राहिले ते आठवणीत राहिले. बाळंतपणात रक्त कमी पडून गेलेल्या बायका, जुलाबाने गेलेली मुले यांची नोंद त्या आठवणीत नसते. जुने ताट टिकवायचे तर त्याची उणीव ओळखूनच टिकवावे लागेल.

त्यासाठी मोठी योजना नको. प्रत्येक सप्ताहाआधी, मोठ्या मेळाव्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी आणि आशाताईंनी गावातल्या वाढप करणाऱ्या तरुणांना एक तास द्यावा. त्याच मंडपात स्त्रियांचे हिमोग्लोबिन तपासावे, ज्यांच्या पायाला मुंग्या येतात त्यांना पुढच्या तपासणीसाठी पाठवावे. परक्या माणसासाठी चार भाकरी जास्त थापण्याची वृत्ती गावांत आहेच. त्या भाकरीसोबत वाटीभर डाळ, लिंबाची फोड आणि धुतलेले हात आले, तर ती खाणाऱ्याला खऱ्या अर्थाने पुरी पडेल.