वृद्धाश्रमात रात्री कोण असतं? दाखल करण्याआधी विचारायचे प्रश्न

आईला पक्षाघात झाला. रुग्णालयातून घरी सोडलं, पण घरातले दोघंही नोकरीला. मग नाशिकमधल्या एखाद्या वृद्धाश्रमाची किंवा केअर सेंटरची चौकशी सुरू होते. तुम्ही खोली बघता, स्वच्छता बघता, महिन्याचा खर्च विचारता. एक प्रश्न मात्र बहुधा राहून जातो: रात्री दोन वाजता आईजवळ कोण असेल आणि त्या माणसाला काय येतं?

कायदा कुठे अपुरा पडतो?

पालक व ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ साली आला. त्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांच्या सोयीचा एक वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. तिथल्या सेवांचा दर्जा ठरवण्याचं काम राज्यांवर सोपवलं आहे. सर्व केअर होमची सक्तीने नोंदणी, किमान दर्जा आणि घरी सेवा देणाऱ्यांना प्रशिक्षण, हे सारं डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात होतं. ते मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच रद्द झालं. त्याच वर्षी महारेराने ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले, पण ते मुख्यतः इमारतीचे: लिफ्ट, रॅम्प, दारांची रुंदी. माणसाची सेवा कोण करणार, हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

म्हणून पाटीवरचा नोंदणी क्रमांक नीट वाचा. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी संस्था न्यास असल्याचं सांगते. तिथली शुश्रूषा चांगली आहे, असं सांगत नाही. जिथे रुग्णांना ठेवून उपचार केले जातात, तिथे महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, १९४९ लागू होतो. नाशिक शहरात ही नोंदणी महापालिकेकडे होते.

प्रशिक्षण नसेल तर काय होतं?

प्रेमळ माणूसही शिकवलं नसेल तर चुकतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली नाही, तर कंबर आणि टाचांवर दाबाच्या जखमा होतात. गिळायला त्रास होणाऱ्याला आडवं ठेवून भरवलं, तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. इन्सुलिन दिलं आणि जेवण राहिलं, तर साखर धोकादायक खाली येते. आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले, तर 'वय झालं' म्हणून सोडून दिलं जातं. प्रत्यक्षात ते लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गाचं पहिलं लक्षण असू शकतं.

एकत्र राहणाऱ्यांमध्ये संसर्ग किती वेगाने पसरतो, हे नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या खडवलीजवळच्या वृद्धाश्रमात दिसलं. तिथे साठहून अधिक जणांना कोविड झाला, आणि त्यांतल्या बहुतेकांचं लसीकरण झालेलं होतं. अशा ठिकाणी पहिला ताप कोणाच्या लक्षात येतो आणि तो पुढे कोणाला कळवतो, यावर बरंच अवलंबून असतं.

दाखल करण्याआधी विचारा

- दिवसा आणि रात्री किती रुग्णांमागे किती कर्मचारी असतात? हजेरीपट दाखवा.
- नोंदणीकृत परिचारिका (जीएनएम किंवा एएनएम) कोणत्या वेळी असते? इंजेक्शन, नाकातली नळी, लघवीची नळी कोण हाताळतं?
- काळजीवाहकांना कोणी शिकवलं? नवा माणूस किती दिवस जुन्याच्या हाताखाली काम करतो?
- औषध दिल्याची, कूस बदलल्याची आणि पडल्याची नोंद कुठे होते?
- डॉक्टर कधी येतात? रात्री तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेणार आणि कोण सोबत जाणार?
- व्यवस्थापक रजेवर असेल तर निर्णय कोण घेतं?

उत्तरं लेखी करारात घ्या. 'काळजी करू नका, सगळं होतं' हे उत्तर पुरेसं नाही.

दाखल केल्यानंतर

न कळवता, वेगवेगळ्या वेळी जा. एकदा तरी रात्री. पाठ, कंबर आणि टाचा स्वतः बघा. वजन उतरतंय का, ओठ कोरडे आहेत का, माणूस दिवसभर झोपलेला असतो का, हे पाहा. लाल झालेली त्वचा दाबूनही फिकी पडत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तातडीच्या वेळी १०८ वर फोन करा.

आधी व्यवस्थापनाला लेखी कळवा. दाद लागली नाही, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं.

आईला तिथे ठेवलं म्हणून स्वतःला दोष देऊ नका. पण नियम अपुरे आहेत तोवर तिथली देखरेख तुम्हालाच करावी लागेल.